मानसशास्त्राचे शोधनिबंध डेटाबेसमध्ये कसे शोधावेत: आधी शब्द, शेवटी फिल्टर

सर्च बॉक्समध्ये अख्खा प्रश्न लिहायचा, एंटर दाबायचं, हजारो निकाल आले की 'फुल टेक्स्ट'वर खूण करायची आणि वरचे पाच-सहा निबंध उतरवून घ्यायचे. मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी वाचन गोळा करताना हे फार जण करतात. पुढे मार्गदर्शक विचारतात, "हा महत्त्वाचा अभ्यास कसा सुटला?" आणि सांगायला काही नसतं. तो अभ्यास डेटाबेसमध्ये होताच. एक तर तो वेगळ्या शब्दाखाली नोंदवलेला होता, नाहीतर घाईने लावलेल्या फिल्टरने तो आधीच बाहेर काढला होता.

चूक मेहनतीत नसते, क्रमात असते. आधी शब्द जमवायचे, मग डेटाबेसची स्वतःची परिभाषा पाहायची, एकेक संकल्पना वेगळी शोधून मग त्या जोडायच्या, आणि फिल्टरला हात शेवटी लावायचा. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत.

लेखभर एकच उदाहरण घेऊ: माइंडफुलनेसच्या (चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याच्या) प्रशिक्षणाने कॉलेजच्या विद्यार्थ्यांची परीक्षेची चिंता कमी होते का? शोधओळी इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना मात्र अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरा, कारण डेटाबेसमधल्या नोंदी, सारांश आणि विषयशब्द (डेटाबेसने निबंधाला लावलेले ठरीव शब्द) इंग्रजीत असतात. मूळ निबंध दुसऱ्या भाषेतला असला तरी त्याची नोंद बहुधा इंग्रजीतूनच सापडते.

## टप्पा १: प्रश्न मोडा, कागदावर

संगणक उघडण्याआधी एक कागद घ्या आणि प्रश्नातल्या संकल्पना वेगळ्या करा. आपल्या प्रश्नात तीन आहेत: माइंडफुलनेस, परीक्षेची चिंता, कॉलेजचे विद्यार्थी. 'कमी होते का', 'परिणाम', 'संबंध', 'भूमिका' हे शब्द सोडून द्या. जवळजवळ प्रत्येक शोधनिबंध कशाचा तरी परिणाम किंवा संबंधच तपासत असतो, त्यामुळे या शब्दांनी निवड होत नाही. उलट ज्या लेखकाने 'इफेक्ट'ऐवजी 'इम्पॅक्ट' लिहिलं, त्याचा निबंध विनाकारण गळतो.

आता प्रत्येक संकल्पनेचा एक उभा रकाना करा आणि त्याखाली शब्द लिहीत जा. चार ठिकाणी शब्द सापडतात.

१. रोजच्या भाषेतले आणि शास्त्रातले पर्याय. 'टेस्ट अँग्झायटी', 'एक्झाम अँग्झायटी', 'एक्झामिनेशन स्ट्रेस', 'इव्हॅल्युएशन अँग्झायटी'.

२. त्याच गोष्टीचे प्रकार. माइंडफुलनेसखाली 'मेडिटेशन' आणि 'माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन' हा आठ आठवड्यांचा ठरीव कार्यक्रम.

३. मोजमापाच्या साधनांची नावं. हे शब्द बहुतेक जण लिहीतच नाहीत. स्पीलबर्गर यांची 'टेस्ट अँग्झायटी इन्व्हेंटरी' ज्या अभ्यासात वापरली आहे, तो अभ्यास परीक्षेच्या चिंतेबद्दलच असणार, मग शीर्षकात काहीही असो. माइंडफुलनेससाठी 'फाइव्ह फॅसेट माइंडफुलनेस क्वेश्चनेअर' हे असंच एक साधन आहे.

४. एखाद्या चांगल्या निबंधाचे कीवर्ड. पाठ्यपुस्तकातून किंवा मार्गदर्शकांकडून आधीच कळलेले दोन-तीन निबंध असतील तर त्यांची नावं कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पाचव्या टप्प्यात त्यांचा मोठा उपयोग होणार आहे.

सावध: लघुरूपं. 'सीबीटी' म्हणजे मानसशास्त्रात कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी. पण परीक्षेच्या विषयात तीच तीन अक्षरं कॉम्प्युटर-बेस्ड टेस्टिंगलाही वापरतात. 'एसीटी' तर त्याहून वाईट: ती ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी आहे, अमेरिकेतली एक प्रवेशपरीक्षाही आहे, आणि 'कृती' या अर्थाचा साधा इंग्रजी शब्दही. लघुरूप एकटं कधीच टाकू नका. पूर्ण नाव लिहा, आणि लघुरूप ठेवायचंच असेल तर दुसऱ्या संकल्पनेशी जोडूनच ठेवा.

तपासा: प्रत्येक रकान्यात किमान चार शब्द आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका. इथे घातलेली वीस मिनिटं पुढचे दोन तास वाचवतात.

## टप्पा २: डेटाबेस निवडा, आणि लायब्ररीच्या दारातूनच आत या

मानसशास्त्राचा मुख्य डेटाबेस सायकइन्फो. तो अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन चालवते. त्यात नोंदी आणि सारांश असतात, निबंधांचा पूर्ण मजकूर नसतो. 'सायकआर्टिकल्स' हा वेगळा डेटाबेस: त्यात पूर्ण मजकूर मिळतो, पण मुख्यतः त्याच संस्थेच्या जर्नलांचा. पीडीएफ लगेच मिळतं म्हणून फक्त सायकआर्टिकल्समध्ये शोधणं ही नेहमीची चूक आहे. इतर प्रकाशकांची ढीगभर जर्नलं त्यात येतच नाहीत.

आणखी एक घोळ नावांचा. सायकइन्फो हा डेटाबेस आहे. एब्स्कोहोस्ट, ओव्हिड, प्रोक्वेस्ट आणि सायकनेट ही तो उघडण्याची वेगवेगळी दारं, म्हणजे प्लॅटफॉर्म. आतला माल तोच, पण खुणा आणि आज्ञा वेगळ्या. तुमच्या लायब्ररीत कोणतं दार आहे ते आधी पाहून घ्या.

विषय दुसऱ्या क्षेत्राला लागून असेल तर तिथला डेटाबेसही हवा. शिक्षणाशी संबंध असेल तर एरिक, औषधोपचार किंवा मेंदूशी असेल तर पबमेड. हे दोन्ही सर्वांना मोफत आहेत. आपल्या उदाहरणाला सायकइन्फो आणि एरिक दोन्ही लागतील.

गूगल स्कॉलर पूरक म्हणून चांगलं आहे, मुख्य साधन म्हणून नाही. एका शोधाचे ते जास्तीत जास्त १,००० निकाल दाखवतं, शब्द तोडण्याची * ही खूण ते मानत नाही, आणि वयोगट किंवा अभ्यासपद्धतीनुसार निवड तिथे करता येत नाही.

लायब्ररीच्या मुख्य पानावरचा मोठा सर्च बॉक्सही या कामाचा नाही. तो पुस्तकं, वर्तमानपत्रं, सगळं एकत्र शोधतो, आणि मानसशास्त्राचा थिसॉरस, म्हणजे विषयशब्दांची ठरलेली यादी, त्यात नसतो. 'डेटाबेसेस'च्या यादीत जाऊन सायकइन्फो नावाने उघडा. घरून काम करत असाल तर याच यादीतल्या लिंकने जा, म्हणजे लायब्ररीचं लॉगिन मधे येतं आणि पुढे पूर्ण मजकूर उघडतो. थेट प्रकाशकाच्या साइटवर गेलात तर ती तुम्हाला ओळखत नाही आणि पैसे मागते.

तपासा: शोधपानावर डेटाबेसचं नाव काय दिसतंय? एकाच वेळी पाच डेटाबेस निवडलेले असतील तर पहिल्यांदा फक्त सायकइन्फो ठेवा. प्रत्येकाचे विषयशब्द वेगळे असतात. एकत्र शोधात ते एकमेकांशी जुळत नाहीत.

## टप्पा ३: थिसॉरसमध्ये आपले शब्द पडताळा

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळा गाळला जातो, आणि सगळ्यांत जास्त निबंध याच्यामुळेच सुटतात.

लेखक एकाच गोष्टीला दहा नावं देतात. म्हणून नोंद करणारे तज्ज्ञ प्रत्येक निबंधाला ठरलेल्या यादीतले विषयशब्द लावतात. ती यादी म्हणजे थिसॉरस. लेखकाने 'एक्झाम नर्व्हज' लिहिलं असलं तरी विषयशब्द 'टेस्ट अँग्झायटी' हाच लागतो. तुम्ही तो वापरलात, तर लेखकाने कोणता शब्द निवडला याच्यावर तुम्ही अवलंबून राहत नाही.

१. वरच्या पट्टीत 'थिसॉरस' उघडा. काही प्लॅटफॉर्मवर तो 'सब्जेक्ट्स' किंवा तत्सम नावाखाली असतो.

२. कागदावरचा एकेक शब्द तिथे टाका. सर्च बॉक्समध्ये नाही, थिसॉरसच्या बॉक्समध्ये.

३. शब्द सापडला की त्यावर क्लिक करून त्याचं वर्णन वाचा. तो कोणत्या अर्थाने वापरला जातो हे तिथे दिलेलं असतं. हे वाचणं किती गरजेचं आहे याचं उदाहरण नैराश्य. 'मेजर डिप्रेशन' हा विषयशब्द आजार म्हणून असलेल्या नैराश्यासाठी आहे, आणि 'डिप्रेशन' पुढे कंसात 'इमोशन' असलेला विषयशब्द आजाराच्या पातळीला न गेलेल्या उदासीसाठी. विद्यार्थ्यांमधल्या उदासीवर काम करणाऱ्याने फक्त पहिला घेतला, तर त्याच्या कामाचं बरंच वाङ्मय दुसऱ्या खणात पडून राहतं.

४. त्याच पानावर व्यापक, अरुंद आणि संबंधित शब्द असतात. त्यातले कामाचे कागदावर चढवा.

५. शब्द यादीत कोणत्या वर्षी आला ते पाहा. त्याआधीचे निबंध त्या शब्दाखाली सापडतीलच असं नाही. ते जुन्या किंवा व्यापक शब्दाखाली असतात. माइंडफुलनेसचं जुनं वाङ्मय हवं असेल तर 'मेडिटेशन' हा विषयशब्दही घ्यावा लागतो तो यासाठीच.

६. 'एक्सप्लोड'ची सोय असेल तर ती समजून वापरा. ती लावली की त्या शब्दाखालचे सगळे अरुंद शब्दही शोधात येतात. 'मेजर कन्सेप्ट' याच्या उलट काम करतं: तो विषय जिथे मुख्य आहे तेवढेच निबंध आणतं. सुरुवातीला 'मेजर कन्सेप्ट' लावू नका.

सावध: अगदी ताज्या निबंधांना विषयशब्द लागायला वेळ लागतो. आणि नव्या कल्पनेसाठी थिसॉरसमध्ये शब्द नसतोही. म्हणून विषयशब्द आणि साधे शब्द दोन्ही हवेत. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

## टप्पा ४: शोधओळ लिहा

एका संकल्पनेची एक ओळ. त्या ओळीतले सगळे पर्याय 'ऑर'ने जोडायचे. 'ऑर' म्हणजे यांपैकी काहीही चालेल, त्यामुळे निकाल वाढतात. 'अँड' म्हणजे दोन्ही हवेत, त्यामुळे निकाल घटतात. हे दोन शब्द नेहमी मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा; सगळीकडे गरज नसते, पण काही ठिकाणी असते, आणि सवय एकच असलेली बरी.

अवतरणचिन्हं. दोन-तीन शब्दांचा समूह एकत्र हवा असेल तर तो दुहेरी अवतरणात ठेवा: "टेस्ट अँग्झायटी". शोधओळ वर्ड फाइलमध्ये लिहून मग चिकटवत असाल तर एक गोष्ट नीट पाहा. वर्ड सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं घालतो, आणि काही डेटाबेस ती चिन्हं ओळखत नाहीत. निकालांचा आकडा अचानक शून्यावर आला किंवा भलताच वाढला, तर आधी तिथेच बघा. साध्या नोटपॅडमध्ये लिहिलंत तर हा प्रश्नच येत नाही.

शब्द तोडण्याची खूण. * ही खूण शब्दाच्या मुळापुढे लावली की त्या मुळाने सुरू होणारे सगळे शब्द येतात. 'मेडिटेशन'ची पहिली सात अक्षरं, म्हणजे एम-ई-डी-आय-टी-ए-टी, घेऊन पुढे * लावा. मेडिटेशन, मेडिटेट, मेडिटेटिव्ह सगळे मिळतात. चारच अक्षरांवर तोडलंत तर मेडिसिन, मेडिकल, मीडिया असा सगळा बाजार आत येतो.

आपल्या उदाहरणातला खरा सापळा 'एक्झाम' या शब्दात आहे. ई-एक्स-ए-एम लिहून पुढे * लावावासा वाटतं. एक्झाम, एक्झाम्स, एक्झामिनेशन तिन्ही मिळतील असा हिशेब असतो. पण 'एक्झामिन' आणि 'एक्झाम्पल' यांचीही पहिली चार अक्षरं तीच. शोधनिबंधाच्या सारांशात 'आम्ही अमुक तपासलं' हे वाक्य 'एक्झामिन्ड' या क्रियापदानेच लिहायची रीत आहे. म्हणजे त्या एका ताऱ्याने परीक्षेशी काडीचाही संबंध नसलेले निबंध थव्याने येतात. 'एक्झामिनेशन'सुद्धा निर्मळ नाही, कारण कितीतरी शीर्षकं 'ॲन एक्झामिनेशन ऑफ' अशीच सुरू होतात. इथे * वापरू नका. 'एक्झाम', 'एक्झाम्स' आणि 'एक्झामिनेशन' वेगळे लिहा आणि त्यांना चिंतेच्या शब्दाजवळ बांधा.

जवळिकीची खूण. दोन शब्द एकमेकांपासून काही शब्दांच्या आतच असावेत, असं सांगता येतं. एब्स्कोहोस्टवर त्यासाठी एन३ असं लिहितात, प्रोक्वेस्टवर निअर/३, ओव्हिडवर एडीजे३. 'एक्झाम एन३ अँग्झायटी' लिहिलं की 'अँग्झायटी अबाउट फायनल एक्झाम्स' यासारख्या रचनाही पकडता येतात, फक्त 'एक्झाम्स' ओळीत घालायला विसरू नका. ३ ते ५ एवढं अंतर पुरतं. त्यापुढे गेलात की ते साध्या 'अँड'सारखंच वागू लागतं.

'टेस्ट' या शब्दाशी मात्र जपून. एन३मध्ये शब्दांचा क्रम पाहिला जात नाही, त्यामुळे चिंता मोजणारी चाचणी, म्हणजे 'अँग्झायटी टेस्ट', हीसुद्धा आत येते. 'टेस्ट अँग्झायटी' अवतरणातच ठेवा आणि जवळिकीची खूण 'एक्झाम'साठी राखा.

स्पेलिंगच्या खुणा. 'बिहेव्हिअर' अमेरिकेत एका स्पेलिंगने लिहितात, ब्रिटनमध्ये मधे यू घालून. एब्स्कोहोस्टवर # ही खूण 'इथे एक अक्षर असेल किंवा नसेल' असं सांगते आणि ? म्हणजे नेमकं एक अक्षर. ओव्हिडवर या दोन्हींचे अर्थ बरोबर उलटे आहेत! एका प्लॅटफॉर्मवरची ओळ दुसरीकडे जशीच्या तशी चिकटवली की ती चूक न दाखवता चुकीचं शोधते, आणि हे लक्षातही येत नाही. शंका असेल तर दोन्ही स्पेलिंगं 'ऑर'ने लिहून मोकळे व्हा.

आपल्या तीन ओळी एब्स्कोहोस्टसाठी अशा होतील:

ओळ १: "टेस्ट अँग्झायटी" ऑर "इव्हॅल्युएशन अँग्झायटी" ऑर ((एक्झाम ऑर एक्झाम्स ऑर एक्झामिनेशन) एन३ (अँग्झायटी ऑर अँक्शस ऑर स्ट्रेस ऑर वरी))

ओळ २: माइंडफुल* ऑर मेडिटेट*

ओळ ३: "कॉलेज स्टुडंट*" ऑर "युनिव्हर्सिटी स्टुडंट*" ऑर अंडरग्रॅज्युएट*

'मेडिटेट*'मध्ये वर सांगितलेली सात अक्षरंच घ्या, शेवटचा ई नको. तो ई ठेवलात तर 'मेडिटेशन' गळतो.

तपासा: जितके कंस उघडले तितके बंद झालेत का? मोजा. एक कंस राहिला की सगळा अर्थ बदलतो.

## टप्पा ५: एकेक ओळ वेगळी चालवा, मग जोडा

तिन्ही ओळी एकदम टाकू नका. पहिली ओळ चालवा, निकालांचा आकडा लिहा. दुसरी चालवा, लिहा. तिसरी तशीच. थिसॉरसमधून घेतलेले विषयशब्दही असेच वेगळे चालवा. आता 'सर्च हिस्टरी' उघडा. प्रत्येक शोधाला तिथे क्रमांक असतो. एका संकल्पनेची साध्या शब्दांची ओळ आणि विषयशब्दांची ओळ 'ऑर'ने जोडा. तिन्ही संकल्पनांचं असं झालं की त्या तीन बेरजा 'अँड'ने जोडा.

हा लांबचा रस्ता वाटतो, पण चूक कुठे आहे ते यातूनच कळतं. 'माइंडफुल*'ला शून्य निकाल आले, तर स्पेलिंग चुकलं आहे. एखाद्या ओळीला इतरांपेक्षा कैक पटींनी निकाल आले, तर कुठला तरी शब्द सैल आहे. सगळं एका ओळीत कोंबलं असतं तर शेवटचा आकडा तेवढा दिसला असता, त्यातला दोष नाही.

'नॉट' वापरू नका. लहान मुलं नकोत म्हणून 'नॉट चिल्ड्रन' लिहिलंत, तर मुलं आणि मोठी माणसं दोन्ही असलेला अभ्यास जातो. इतकंच काय, सारांशात 'मुलांवरच्या आधीच्या संशोधनापेक्षा वेगळं' एवढा उल्लेख असलेला, पूर्णपणे प्रौढांवरचा निबंधही जातो. वयाची निवड फिल्टरवर सोडा.

शून्य निकालांची फसवी यादी. काही प्लॅटफॉर्मवर तुमच्या ओळीला काहीच सापडलं नाही की यंत्रणा आपल्या मनाने, सैल पद्धतीने शोधून यादी दाखवते. वर बारीक अक्षरांत तशी सूचना असते. ती न वाचता लोक त्या यादीवर काम करत बसतात. तसंच 'निबंधाच्या पूर्ण मजकुरातही शोधा' अशी खूण आधीच लागलेली असेल तर काढा. नाहीतर संदर्भसूचीत एकदा आलेल्या शब्दावरूनही निबंध उचलला जातो.

तपासा: पहिल्या टप्प्यात कोपऱ्यात लिहिलेले ओळखीचे निबंध आठवा. ते निकालांत आहेत का? नसतील तर शीर्षकाने शोधून त्यांची नोंद उघडा आणि विषयशब्द वाचा. तुमच्या ओळीत कोणता शब्द राहिला ते तिथेच दिसतं. निबंध डेटाबेसमध्येच नसेल तर तुमचा दोष नाही; पण असून सापडत नसेल, तर त्याच्यासारखे आणखी किती सुटले असतील याचा विचार करा आणि ओळ दुरुस्त करा.

## टप्पा ६: आता फिल्टर

एका वेळी एक फिल्टर लावा, आणि प्रत्येक वेळी आकडा किती घटला ते पाहा.

वयोगट. सायकइन्फोत 'ॲडोलसन्स' म्हणजे १३ ते १७ वर्षं. 'ॲडल्टहुड' १८पासून सुरू होतं आणि त्यातला 'यंग ॲडल्टहुड' १८ ते २९. कॉलेजचे विद्यार्थी म्हणजे तरुण मुलं, असं धरून 'ॲडोलसन्स'वर खूण केली की पदवीच्या वर्गातले जवळजवळ सगळे अभ्यास बाहेर पडतात. आपल्या प्रश्नाला 'ॲडल्टहुड' आणि 'यंग ॲडल्टहुड' हवेत. शाळेतल्या मुलांसाठी 'स्कूल एज' आहे, ते ६ ते १२.

पीअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी त्या विषयाच्या तज्ज्ञांनी केलेली तपासणी. ही खूण जर्नलची असते, निबंधाची नाही. पीअर रिव्ह्यू होणाऱ्या जर्नलमध्ये संपादकीय, पुस्तक परीक्षण, दुरुस्तीची टीप हेही छापतात, आणि ते सगळं या फिल्टरमधून आरामात येतं. प्रत्यक्ष माहिती गोळा केलेला अभ्यासच हवा असेल तर 'मेथडॉलॉजी'मधून 'एम्पिरिकल स्टडी' निवडा.

अभ्यासपद्धती. सायकइन्फोचा हा खरा ठेवा आहे. मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष), सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (ठरवलेल्या पद्धतीने सगळे अभ्यास शोधून घेतलेला आढावा), लाँजिट्यूडिनल (त्याच लोकांचा दीर्घकाळ पाठपुरावा), क्वालिटेटिव्ह (आकड्यांऐवजी मुलाखती, वर्णनं यांवर आधारलेला) अशा निवडी इथे मिळतात. विषय नवा असेल तर आधी फक्त सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि मेटा-ॲनालिसिस काढून वाचा. विषयातले शब्द, वाद आणि मुख्य अभ्यास एका ठिकाणी कळतात. पण हे फिल्टर नोंद करणाऱ्यांनी भरलेल्या माहितीवर चालतात. ताज्या नोंदींत ती अपुरी असू शकते. म्हणून गेल्या वर्षभरातले निबंध फिल्टर काढून एकदा स्वतंत्र चाळा.

फुल टेक्स्ट. हा लावूच नका. त्याने फक्त त्याच प्लॅटफॉर्मवर पूर्ण मजकूर असलेले निबंध उरतात. तुमच्या लायब्ररीने दुसरीकडून घेतलेली जर्नलं लपतात, मोफत उपलब्ध असलेलेही कितीतरी लपतात. तुमचं वाचन विषयापेक्षा कुणाशी करार झाला आहे यावर ठरू लागतं.

वर्ष. 'गेल्या पाच वर्षांतलेच' अशी अट कुणी घातली नसेल तर स्वतःहून घालू नका. ज्या साधनाने चिंता मोजली, त्याचा मूळ निबंध जुनाच असणार.

## टप्पा ७: चाळा, आणि ओळ पुन्हा घडवा

निकाल 'रेलेव्हन्स'ने लावा आणि पहिली तीस शीर्षकं वाचा. अर्ध्याहून जास्त विषयाबाहेरची असतील तर पानं उलटत बसू नका, ओळीकडे परत या. कामाची वाटणारी नोंद पूर्ण उघडा: सारांश, विषयशब्द, अभ्यासपद्धती, नमुन्याचं वय आणि 'टेस्ट्स अँड मेझर्स'चा रकाना. तिथे भेटलेला नवा शब्द लगेच कागदावर.

निकाल फार आले तर या क्रमाने आवळा: सैल * काढा, साध्या शब्दांचा शोध शीर्षक आणि सारांशापुरता ठेवा, मग 'मेजर कन्सेप्ट' लावा. फार कमी आले तर सगळ्यांत कमी महत्त्वाची संकल्पना काढून टाका. आपल्या उदाहरणात ती 'कॉलेजचे विद्यार्थी'. ती ओळ काढून वयोगटाचा फिल्टर तेवढा ठेवला, तर सारांशात फक्त 'पार्टिसिपंट्स' लिहिलेले निबंधही परत येतात.

## टप्पा ८: एका निबंधावरून मागे आणि पुढे

अगदी नेमका निबंध सापडला की त्याची संदर्भसूची चाळा. हे मागे जाणं. मग त्याला नंतर कुणी उद्धृत केलं ते पाहा. हे पुढे जाणं. त्यासाठी नोंदीतली 'टाइम्स साइटेड'ची लिंक आहे, आणि या एका कामात गूगल स्कॉलरचं 'साइटेड बाय' खरंच उपयोगी पडतं. एखाद्या निष्कर्षावर तुमचा युक्तिवाद उभा असेल तर पुढे जाणं टाळू नका. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा त्यातल्या ३६ टक्क्यांतच पुन्हा लक्षणीय निष्कर्ष मिळाला. तुम्ही ज्याचा आधार घेताय तो अभ्यास पुढे टिकला का, हे त्याच्या स्वतःच्या पानावर लिहिलेलं नसतं.

## टप्पा ९: पूर्ण मजकूर मिळवा

नोंदीत पीडीएफ नसेल तर लायब्ररीचं 'फाइंड फुल टेक्स्ट'सारखं बटण दाबा; ते इतर करारांत शोधतं. तिथे नसेल तर शीर्षक अवतरणात घालून गूगल स्कॉलरमध्ये टाका आणि 'ऑल व्हर्जन्स' उघडा. लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहात किंवा सायआर्काइव्ह या मानसशास्त्राच्या मोफत ऑनलाइन संग्रहात छापण्याआधीची प्रत असू शकते. अशी प्रत वापरलीत तर ती अंतिम आवृत्तीशी जुळते का ते पाहा; आकडे बदललेले असू शकतात. तरीही मिळालं नाही तर इंटरलायब्ररी लोनची, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतून प्रत मागवून घेण्याची, मागणी करा. याला काही दिवस लागू शकतात, म्हणून मागणी शेवटच्या आठवड्यात नको. ग्रंथपालांना विचारायला संकोचू नका, त्यांचं ते रोजचं काम आहे.

सावध: ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता जपून ठेवू नका. तो त्या बैठकीपुरता असतो आणि दुसऱ्या दिवशी उघडत नाही. नोंदीतली 'परमालिंक' (कायम टिकणारी लिंक) घ्या, किंवा १० या आकड्याने सुरू होणारा डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक.

## टप्पा १०: जतन करा आणि वही ठेवा

लायब्ररीचं लॉगिन आणि डेटाबेसमधलं स्वतःचं खातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त पहिलं असेल तर काही वेळ हालचाल झाली नाही की बैठक संपते आणि सर्च हिस्टरी पुसली जाते. कामाला बसतानाच डेटाबेसमध्ये मोफत खातं काढा, त्यात शिरा, आणि शोध तिथे जतन करा.

निवडलेल्या नोंदी आरआयएस या फाइल स्वरूपात काढून झोटेरो किंवा मेंडले या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. आत आल्यावर लेखकांची नावं, वर्ष आणि शीर्षक नजरेखालून घाला. सगळं शीर्षक मोठ्या अक्षरांत आलेलं असेल तर आत्ताच सुधारा. झोटेरो मागे घेतलेल्या निबंधावर लाल इशारा दाखवतो. तो दिसला तर निबंध बाजूला ठेवा आणि प्रकाशकाच्या पानावरचं कारण वाचा.

वहीत प्रत्येक शोधाची एक नोंद हवी: तारीख, डेटाबेस, प्लॅटफॉर्म, अक्षर न् अक्षर पूर्ण शोधओळ, लावलेले फिल्टर, आलेले निकाल, त्यातून घेतलेले निबंध. शोधओळ आठवून लिहू नका, हिस्टरीतून चिकटवा. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करत असाल तर ही नोंद प्रबंधात द्यावीच लागते.

शेवटी जतन केलेल्या शोधावर 'अलर्ट' लावा, म्हणजे नवे निबंध ईमेलने येतील. काम सादर करण्याच्या पंधरा दिवस आधी तीच ओळ पुन्हा चालवा, शेवटच्या शोधाच्या तारखेनंतर भर पडलेल्या नोंदी तेवढ्या चाळा, आणि वहीत नवी तारीख घाला.